डिप्लॉय पाइपलाइनमधली कायमची ॲक्सेस की काढायची आहे, परवानगी ओळखीवर कशी बांधावी?

पांढरंसोनं (प्रश्न):

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचा पाच जणांचा गट आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी कापूस-तूर खरेदीच्या नोंदीचं सॉफ्टवेअर करतो: गाडीचं वजन, आर्द्रता, काटापट्टी, चुकारा. कोड गिटहबवर खाजगी रेपोत आहे, बिल्ड आणि डिप्लॉय (कोड बांधून सर्व्हरवर चढवणं) गिटहब ॲक्शन्समधून होतं.

मुख्य सर्व्हर म्हणजे एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) मुंबई रीजनमधलं एक ईसीटू मशीन (भाड्याचा सर्व्हर) आणि एक एसथ्री बकेट (फाइली ठेवायची जागा). त्याशिवाय तीन खरेदी केंद्रांवर एकेक लिनक्स मशीन आहे. नेट गेलं तरी काटा थांबू नये म्हणून तिथे स्थानिक प्रत चालते. केंद्रांच्या नेटला स्वतःचा पब्लिक आयपी नाही, आणि विजेचं तर तुम्हाला माहीतच आहे.

आत्ता पाइपलाइन एका आयएएम (एडब्ल्यूएसची परवानग्यांची व्यवस्था) युजरच्या ॲक्सेस कीवर चालते. की रेपोच्या सिक्रेट्समध्ये आहे आणि त्या युजरला ॲडमिनिस्ट्रेटर परवानगी आहे. ईसीटूवर जायला एसएसएचची एक प्रायव्हेट की, तीही तिथेच. गटातला एक जण आता पुण्याला नोकरीवर गेला. त्याचा रेपोचा ॲक्सेस काढला, पण या दोन किल्ल्यांची प्रत कुठे कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. दिवाळीनंतर खरेदी सुरू होईल, त्याआधी हे नीट करायचं आहे.

विचारायचं आहे ते असं. ओआयडीसी (साठवलेल्या कीऐवजी ओळखीच्या टोकनवर परवानगी द्यायची पद्धत) लावलं तर की पूर्ण काढता येते का? ट्रस्ट पॉलिसी (परवानग्यांचा संच म्हणजे रोल, तो कोणाला घेता येईल याच्या अटी) नेमकी किती घट्ट लिहायची? आणि केंद्रांवरच्या मशीनचं काय करायचं, तिथे सेल्फ-होस्टेड रनर (गिटहबची कामं आपल्याच मशीनवर चालवणारा प्रोग्राम) टाकावा का?

---

वर्धाकाठ:

हो, की पूर्ण काढता येते. पण आधी काय बदलतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या सेटिंग्ज पाठ कराव्या लागणार नाहीत.

आत्ता ज्याच्या हाती की, तो मालक. ती कुठून वापरली, कोणत्या ब्रँचच्या कोडने वापरली, याच्याशी एडब्ल्यूएसला देणंघेणं नाही. ओआयडीसीत साठवलेली की नसतेच. जॉब सुरू झाला की तो गिटहबकडून एक सही केलेलं टोकन घेतो. जॉब कोणत्या रेपोचा, कोणत्या ब्रँचवरचा किंवा एन्व्हायर्नमेंटचा, कशामुळे सुरू झाला, कोणी सुरू केला, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. गाडीसोबत काटापट्टी यावी तसं. एडब्ल्यूएसचं एसटीएस (तात्पुरत्या परवानग्या देणारी सेवा) गिटहबची सही तपासतं, मजकूर तुमच्या रोलच्या ट्रस्ट पॉलिसीशी ताडून पाहतं आणि जुळला तरच ठरावीक वेळेपुरती क्रेडेन्शियल्स देतं. म्हणजे तुमची सुरक्षितता सिक्रेट्सच्या पानावरून उठून ट्रस्ट पॉलिसीच्या चार ओळींत येते. मेहनत तिथेच घाला.

आयएएममध्ये आयडेंटिटी प्रोव्हायडर जोडा, प्रकार ओपनआयडी कनेक्ट. पत्ता 'टोकन.ॲक्शन्स.गिटहबयूजरकंटेंट.कॉम', ऑडियन्स 'एसटीएस.ॲमेझॉनएडब्ल्यूएस.कॉम'. जुन्या लेखांत थंबप्रिंट (सर्टिफिकेटचा ठसा) शोधून टाकायला सांगितलेलं असतं. २०२३ पासून गिटहबच्या बाबतीत एडब्ल्यूएस आपल्याकडच्या विश्वासू रूट सर्टिफिकेट्सवरच पडताळणी करतं, त्या थंबप्रिंटच्या मागे लागू नका.

मग रोल तयार करा. ट्रस्ट पॉलिसीत दोन अटी हव्यातच. 'ऑड' (टोकन कोणासाठी आहे) हा वरच्या ऑडियन्सशी तंतोतंत जुळला पाहिजे. 'सब' (टोकन कोणत्या जॉबचं आहे) हा 'रेपो:संस्था/कापूसनोंद:रेफ:रेफ्स/हेड्स/मेन' याच्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. (फाइलीत अर्थात रोमन लिपीत.) दोन्हींना 'स्ट्रिंगइक्वल्स' लावा. 'सब'ची अटच नसलेला रोल जगातल्या कुठल्याही गिटहब रेपोला उघडा असतो, कारण सही करणारा सगळ्यांसाठी एकच आहे आणि ऑडियन्सही सगळे तोच लिहितात. 'स्ट्रिंगलाइक' लावून 'रेपो:संस्था/*' लिहिलंत, तर संस्थेतला कुठलाही रेपो, कुठलीही ब्रँच चालून जाते. प्रयोगासाठी कोणी काढलेला रेपोसुद्धा त्यात आला. आणि 'स्ट्रिंगइक्वल्स'मध्ये तारांकन घातलं तर ते निव्वळ तारांकन म्हणूनच वाचलं जातं, काहीच जुळत नाही. अक्षरं लहान-मोठी हाही फरक धरला जातो. गिटहबच्या पत्त्यात 'कापूसनोंद'चं पहिलं अक्षर मोठं लिहा की लहान, पान उघडतं. इथे नाही.

आता परवानग्या. नुसती की काढून रोलला पुन्हा ॲडमिनिस्ट्रेटर जोडला तर अर्धंच काम झालं. तुमच्या डिप्लॉयला खरं तर फार थोडं लागतं: रिलीजच्या बकेटमध्ये एका प्रीफिक्सखाली फाइल ठेवणं, आणि ईसीटूवर ठरलेली एक स्क्रिप्ट चालवणं. दुसऱ्या कामासाठी एसएसएच बंदच करा. मशीनला सिस्टिम्स मॅनेजर (एसएसएम, मशीन दुरून चालवायची एडब्ल्यूएसची सेवा) याची 'ॲमेझॉनएसएसएममॅनेज्डइन्स्टन्सकोअर' पॉलिसी असलेला इन्स्टन्स रोल द्या, एजंट चालू आहे ना पाहा, आणि सिक्युरिटी ग्रुपमधून २२ नंबरचा पोर्ट काढून टाका. एजंट स्वतःच बाहेर जोडणी करतो, आत येणारा पोर्ट लागत नाही.

इथे एक खाच आहे. 'सेंडकमांड'ची परवानगी देताना बहुतेक जण तयार मिळणारं 'एडब्ल्यूएस-रनशेलस्क्रिप्ट' हे डॉक्युमेंट देतात. त्या डॉक्युमेंटमधून कुठलीही आज्ञा रूट म्हणून चालते, म्हणजे पाइपलाइनला मशीनचं रूट दिल्यासारखंच झालं. स्वतःचं डॉक्युमेंट लिहा. त्यात एकच पॅरामीटर, आवृत्तीचा क्रमांक, आणि त्याला 'अलाउड पॅटर्न' लावून फक्त आकडे आणि टिंबं चालतील असं करा. रोलमध्ये त्या डॉक्युमेंटचा आणि त्या एका इन्स्टन्सचा एआरएन (एडब्ल्यूएसमधला पूर्ण पत्ता) लिहा. निकाल पाहायला 'गेटकमांडइन्व्होकेशन' लागेल.

वर्कफ्लो दोन जॉबमध्ये तोडा, हे टाळू नका. 'परमिशन्स'खाली 'आयडी-टोकन: राइट' हे पूर्ण वर्कफ्लोला वर लिहिलं, तर बिल्डच्या वेळी चालणारं प्रत्येक पॅकेज, त्याची इन्स्टॉल होताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट, प्रत्येक परकी ॲक्शन, सगळ्यांना टोकन मागता येतं. टोकन मागायचा पत्ता आणि त्याची चावी जॉबच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये पडलेली असतात, वाचणाऱ्याला अडवणारं कोणी नसतं. म्हणून बिल्डच्या जॉबला फक्त 'कंटेंट्स: रीड'. तो पॅकेज बांधून आर्टिफॅक्ट म्हणून ठेवतो. डिप्लॉयचा जॉब आर्टिफॅक्ट उतरवतो, टोकन घेतो, अपलोड करतो, आज्ञा पाठवतो, संपलं. त्याला 'एनपीएम'चा (पॅकेजेस उतरवणाऱ्या साधनाचा) वाराही लागू देऊ नका. त्यातल्या परक्या ॲक्शन्स टॅगने नाही, पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅशने पिन करा. टॅग हलवता येतो, हॅश नाही.

रोलच्या सत्राची मुदत मुळात १ तास असते. तुमचं काम काही मिनिटांचं, तेव्हा 'रोल-ड्युरेशन-सेकंड्स' ९०० ठेवा. त्याखाली एसटीएस जात नाही.

शेवटचं, आणि हे गिटहबच्या बाजूचं. ट्रस्ट पॉलिसीत 'मेन' (मुख्य ब्रँच) लिहून फायदा तेव्हाच, जेव्हा मेनवर कोणालाही थेट पुश करता येत नाही. खाजगी रेपोत ब्रँच प्रोटेक्शन फुकटच्या प्लॅनवर मिळत नाही, त्याला टीम किंवा वरचा प्लॅन लागतो. संरक्षण नसलेल्या मेनवर बांधलेला रोल म्हणजे पुश करू शकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिलेला रोल. प्लॅन घेतलात की पुल रिक्वेस्टला (बदल मेनमध्ये घ्यायची विनंती) किमान एक मंजुरी सक्तीची करा आणि '.गिटहब/वर्कफ्लोज' हे फोल्डर कोडओनर्समध्ये (कोणती फाइल कोणाच्या ताब्यात, ती यादी) दोघांच्या नावावर टाका. डिप्लॉयची फाइल बदलणं हा परवानगी बदलण्याइतकाच मोठा बदल आहे.

---

टर्मिनलवाला:

पाच माणसांच्या गटाला एवढं कशासाठी? आहे त्या युजरच्या परवानग्या कमी करा, दर ९० दिवसांनी की बदला, सिक्रेट्समध्ये नवी टाका. एका संध्याकाळचं काम. ओआयडीसीत बिघडलं तर खरेदीच्या हंगामात कोण दुरुस्त करणार?

---

वर्धाकाठ:

टर्मिनलवाला भाऊ, परवानग्या कमी करायचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, ते तर पहिलं पाऊल. पण की बदलल्याने तिचं वय कमी होतं, पल्ला तोच राहतो. गळालेली की बदलेपर्यंत जगातून कुठूनही चालते.

मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स' या पुष्कळ वापरातल्या ॲक्शनचे टॅग हल्लेखोराने दुष्ट कमिटकडे वळवले. ती ॲक्शन रनरच्या मेमरीतली सिक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये छापायची. पब्लिक रेपोंचे लॉग कोणीही वाचू शकतं. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआयने आपल्या सगळ्या ग्राहकांना साठवलेली सिक्रेट्स बदलायला सांगितली होती. दोन्ही वेळी ज्यांच्याकडे कायमच्या किल्ल्या होत्या त्यांना एकेक शोधून बदलाव्या लागल्या. अशा वेळी तात्पुरती क्रेडेन्शियल्ससुद्धा गळू शकतात, ते नाकारत नाही. पण ती १५ मिनिटांत मरतात, आणि बिल्डच्या जॉबला टोकनच दिलं नसेल तर त्या जॉबमधून गळायला काही नसतं.

आणि देखभालीचं म्हणाल, तर दर ९० दिवसांनी हाताने करायचं काम हंगामाच्या मध्यात येतं आणि तेव्हाच पुढे ढकललं जातं. ट्रस्ट पॉलिसी एकदा बसली की रेपोचं नाव बदलेपर्यंत तिला हात लावावा लागत नाही.

---

पांढरंसोनं:

टीम प्लॅन घेतला, मेन संरक्षित केली, दोन जॉब केले. आधी डिप्लॉयच्या जॉबमध्ये 'क्रेडेन्शियल्स कुड नॉट बी लोडेड' आलं. त्या जॉबला 'आयडी-टोकन: राइट' दिल्यावर ते गेलं, पण आता 'नॉट ऑथोराइज्ड टू परफॉर्म एसटीएस:अझ्यूमरोलविथवेबआयडेंटिटी' येतं. ब्रँच मेनच आहे, पॉलिसीतही मेनच लिहिलंय. जॉबला 'एन्व्हायर्नमेंट: प्रॉडक्शन' लावलं आहे. शिवाय त्याच जॉबमध्ये स्क्रिप्टसाठी चेकआउट आहे, ते वेगळ्या चाचणीत 'रेपॉझिटरी नॉट फाउंड' म्हणतं. रेपो तर समोर आहे.

---

पळसफूल:

दोन्हींची कारणं तुमच्याच पोस्टमध्ये आहेत.

जॉबला एन्व्हायर्नमेंट लावलं की 'सब'चा साचाच बदलतो. ब्रँचचं नाव त्यातून निघून जातं आणि ते 'रेपो:संस्था/कापूसनोंद:एन्व्हायर्नमेंट:प्रॉडक्शन' असं होतं. पॉलिसी अजून 'रेफ्स/हेड्स/मेन' शोधते आहे, कसं जुळेल? पॉलिसीत एन्व्हायर्नमेंटवाला मजकूर लिहा. एन्व्हायर्नमेंटचं नाव गिटहबमध्ये जसं आहे तसंच.

पण इथे थांबू नका. आता एडब्ल्यूएसला ब्रँच दिसतच नाही, म्हणून ब्रँचची अट गिटहबने पाळायला हवी. एन्व्हायर्नमेंटच्या सेटिंग्जमध्ये 'डिप्लॉयमेंट ब्रँचेस'खाली फक्त मेन निवडा. हे राहिलं तर कुठल्याही ब्रँचवर वर्कफ्लो लिहून 'एन्व्हायर्नमेंट: प्रॉडक्शन' म्हटलं की रोल मिळतो. पुल रिक्वेस्टची, मंजुरीची गरजच नाही. ओआयडीसी नीट लावलेल्या रेपोतसुद्धा हे भोक राहिलेलं असतं, कारण सगळं हिरवं दिसतं.

अजून एक: प्रत्येक डिप्लॉयला दुसऱ्याची मंजुरी सक्तीची करायची सोय खाजगी रेपोत फक्त एंटरप्राइझ प्लॅनवर आहे. टीम प्लॅनवर तुमची खरी मंजुरी म्हणजे मेनमध्ये मर्ज होतानाची पुल रिक्वेस्ट. म्हणून 'एन्व्हायर्नमेंट'ने सुरक्षितता वाढली असं समजू नका. त्याचा उपयोग प्रॉडक्शनची व्हेरिएबल्स आणि ब्रँचची अट एका जागी ठेवायला आहे.

चेकआउटचं कारण असं: 'परमिशन्स'मध्ये एक जरी ओळ लिहिली, की न लिहिलेल्या बाकी सगळ्या परवानग्या शून्य होतात. तुम्ही 'आयडी-टोकन' दिलं आणि 'कंटेंट्स' गेलं. खाजगी रेपो वाचता येत नाही तेव्हा गिटहब 'परवानगी नाही' म्हणत नाही, 'सापडला नाही' म्हणतं. 'कंटेंट्स: रीड' खाली जोडा.

पुढे कधी अंदाज लागत नसेल तर क्लाउडट्रेलच्या (एडब्ल्यूएसची नोंदवही) इव्हेंट हिस्टरीत मुंबई रीजन निवडून 'अझ्यूमरोलविथवेबआयडेंटिटी' शोधा. इव्हेंट उघडला की 'यूजरआयडेंटिटी'खाली 'यूजरनेम'मध्ये गिटहबने पाठवलेलं 'सब' जसंच्या तसं दिसतं. ते उचलून पॉलिसीशेजारी ठेवा, एखादं अक्षर किंवा कोलन कुठे सुटलं ते लगेच कळतं. टोकन लॉगमध्ये छापून पाहू नका. त्याचं आयुष्य मिनिटांचं असलं तरी तेवढ्यात ते वापरता येतं.

आणि 'पुल_रिक्वेस्ट_टार्गेट' हा इव्हेंट या रेपोत कुठे असेल तर काढा. तो मूळ रेपोच्या अधिकारात चालतो. त्यात पुल रिक्वेस्टचा कोड चेकआउट करून बिल्ड केला, तर न तपासलेला कोड तुमच्या सिक्रेट्ससकट चालला.

---

काळीमाती:

केंद्रांच्या मशीनबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

सेल्फ-होस्टेड रनर तांत्रिकदृष्ट्या चालतो. तो ४४३ पोर्टवरून बाहेर जोडणी करून कामाची वाट पाहतो, म्हणून पब्लिक आयपी नसला तरी अडत नाही. तरी माझं मत: केंद्रावर रनर टाकू नका. रेपोत पुश करू शकणारा कोणीही आपल्या ब्रँचवर वर्कफ्लो लिहून 'रन्स-ऑन'मध्ये त्या रनरचं लेबल टाकू शकतो, आणि त्याचा कोड त्या मशीनवर चालतो. मेनचं संरक्षण इथे कामी येत नाही. ज्या मशीनवर शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आणि चुकाऱ्याच्या नोंदी आहेत, तिथे हे नको. तो रनर डॉकर ग्रुपमध्ये असेल तर रूटच समजा.

आपल्याकडच्या हंगामाचीही अडचण आहे. १४ दिवस जोडणी न झालेला रनर गिटहब यादीतून काढून टाकतं. उलंगवाडी झाली (कापसाचा हंगाम संपला), केंद्राला कुलूप लागलं, की पुढच्या हंगामात प्रत्येक केंद्रावर जाऊन पुन्हा नोंदणी, आणि नोंदणीचं टोकन १ तासच चालतं. हंगामात वीज गेली तर जॉब रांगेत २४ तासांपर्यंत थांबतो. वीज आली की चालू काट्याच्या वेळी मागचं डिप्लॉय अंगावर येतं.

त्यापेक्षा उलट दिशा धरा. पाइपलाइनने केंद्रावर जायचं नाही, केंद्राने येऊन न्यायचं. पाइपलाइन एसथ्रीवर सही केलेलं पॅकेज ठेवते. केंद्राचं मशीन ठरावीक वेळी पाहतं, उतरवतं, सही तपासतं, मग बदलतं. पाइपलाइनकडे केंद्राची कुठलीही परवानगी उरत नाही.

सहीसाठी कोसाइन (फाइलींवर सही करायचं साधन) वापरा, की न ठेवता. इथेही तेच ओआयडीसी टोकन कामाला येतं. कोसाइन ते सिगस्टोअर प्रकल्पाच्या फुल्सिओ या सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेकडे देतं, १० मिनिटं टिकणारं सर्टिफिकेट मिळतं, त्यात वर्कफ्लोची ओळख कोरलेली असते. सही हा तिसरा, वेगळा जॉब ठेवा. त्यालाही 'आयडी-टोकन: राइट' लागेल, पण एन्व्हायर्नमेंट आणि एडब्ल्यूएसचा रोल नको. केंद्रावर 'कोसाइन व्हेरिफाय-ब्लॉब' चालवताना दोन गोष्टी सांगायच्या: 'सर्टिफिकेट-ओआयडीसी-इश्युअर' म्हणजे गिटहबचा टोकनचा पत्ता, आणि 'सर्टिफिकेट-आयडेंटिटी' म्हणजे वर्कफ्लो फाइलचा पूर्ण पत्ता, शेवटी '@रेफ्स/हेड्स/मेन'सकट. रेजेक्सवाला (साच्याशी जुळवणारा) पर्याय वापरू नका. वापरलाच तर सुरुवातीची आणि शेवटची खूण विसरू नका, नाहीतर तुमच्या नावाने सुरू होणारा दुसऱ्याचा रेपोही जुळतो. बंडल फाइल पॅकेजसोबतच एसथ्रीवर ठेवा. एक जाणून घ्या: ही सही रेकॉर नावाच्या जाहीर नोंदवहीत जाते. कोड जात नाही, पण खाजगी रेपोचं आणि वर्कफ्लोचं नाव लोकांना दिसतं. ते चालत नसेल तर केएमएसमधल्या (एडब्ल्यूएसची किल्ल्या सांभाळणारी सेवा) कीने सही करा. साइन करायची परवानगी फक्त त्या जॉबच्या रोलला, केंद्रावर पब्लिक की.

सही बरोबर आहे म्हणजे पॅकेज नवं आहे असं नाही. मागच्या वर्षीच्या पॅकेजची सहीसुद्धा अजून खरीच आहे. आवृत्तीचा क्रमांक पॅकेजच्या आत ठेवा, आणि बसलेल्यापेक्षा लहान क्रमांक आला तर स्क्रिप्टने नकार द्यावा. मुद्दाम मागे जायचं असेल तर जुना कोड नव्या क्रमांकाने काढा.

एसथ्रीमधून वाचायला केंद्राला ओळख लागेल, आणि तिथे पुन्हा ॲक्सेस की ठेवली तर मूळ पदावर आलो. त्यासाठी आयएएम रोल्स एनीव्हेअर (एडब्ल्यूएसबाहेरच्या मशीनला सर्टिफिकेटवर रोल देणारी सेवा) आहे. ओपनएसएसएलने स्वतःचं सीए (सर्टिफिकेट देणारं केंद्र) करा, त्याचं रूट सर्टिफिकेट ट्रस्ट अँकर म्हणून टाका, प्रत्येक केंद्राला वेगळं सर्टिफिकेट द्या आणि कॉमन नेममध्ये केंद्राचं नाव घाला. एडब्ल्यूएसचं स्वतःचं प्रायव्हेट सीए घ्यायची गरज नाही, त्याचं महिन्याचं भाडं तुमच्या पूर्ण बिलापेक्षा जास्त होऊ शकतं. रोलला फक्त रिलीजच्या प्रीफिक्सवर 'गेटऑब्जेक्ट' आणि 'लिस्टबकेट', आणि ट्रस्ट पॉलिसीत कॉमन नेमची अट. सर्टिफिकेटची मुदत हंगामाएवढी ठेवा. मशीन चोरीला गेलं तर तेवढंच सर्टिफिकेट रद्द-यादीत टाकून यादी चढवायची, बाकी दोन केंद्रं चालू राहतात. सीएची प्रायव्हेट की मात्र रेपोत नाही, सर्व्हरवर नाही. कूटबद्ध पेन ड्राइव्हवर, कपाटात.

आता जे हमखास बिघडतं ते: घड्याळ. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला असतो. वीज गेली, यूपीएसही उतरला, मशीन पुन्हा सुरू झालं की तारीख काही वर्षं मागे. मग टीएलएसचं सर्टिफिकेट 'अजून लागू झालेलं नाही' म्हणून जोडणीच होत नाही. थोडंच मागे असेल तर जोडणी होते, पण एडब्ल्यूएस सही नाकारतं. बहुतेक सेवा ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतात, एसथ्री १५ मिनिटांपर्यंत. एसथ्रीचं उत्तर 'रिक्वेस्टटाइमटूस्क्यूड' असेल तर परवानग्या तपासत बसू नका, घड्याळ पाहा. हंगामाआधी तिन्ही सेल बदला. क्रोनी (नेटवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) टाका, 'मेकस्टेप' चालू ठेवा म्हणजे मोठा फरकही तो एकदम सुधारतो. 'क्रोनी-वेट' सर्व्हिस चालू करा, आणि अपडेटच्या सर्व्हिसमध्ये 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हींत 'टाइम-सिंक.टार्गेट' लिहा. मग अपडेट आधी घड्याळ जुळायची वाट पाहतं.

सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारी व्यवस्था) टायमरमध्ये 'पर्सिस्टंट=ट्रू' ठेवलं तर रात्री हुकलेली वेळ मशीन सुरू होताच भरून काढली जाते. केंद्र सकाळी उघडतं, बाहेर गाड्यांची रांग, आणि तेव्हाच अपडेट. म्हणून स्क्रिप्टमध्ये वेळ तपासा: उतरवणं आणि सही तपासणं केव्हाही चालेल, पण सिमलिंक (चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारी खूण) नव्या आवृत्तीकडे वळवणं रात्री ९ नंतरच किंवा उघड्या काटापट्ट्या शून्य असतील तेव्हाच. जुनी आवृत्ती शेजारी राहू द्या, सर्व्हिस ३० सेकंदांत उत्तर देत नसेल तर सिमलिंक आपोआप परत. उतरवताना 'कर्ल'ला तुटलेल्या जागेवरून पुढे जायचा पर्याय द्या. केंद्रावरच्या नेटवर मोठी फाइल एका दमात येईलच असं नाही.

---

पांढरंसोनं:

काळीमाती दादा, हेच पाहिजे होतं. रनरचा विचार सोडला. एन्व्हायर्नमेंटचा बदल करून मुख्य सर्व्हरचं डिप्लॉय चालू झालं, ब्रँचची अटही लावली.

दोन गोष्टी राहिल्या. गिटहबच बंद असलं आणि चुकाऱ्यात चूक सापडली तर हाताने डिप्लॉय कसं करायचं? त्यासाठी जुनी की बाजूला ठेवावी का? आणि ती की काढायचा क्रम काय?

---

वर्धाकाठ:

बाजूला ठेवलेली की म्हणजे काढलेली नसलेली की. अडीअडचणीची वाट माणसासाठी असते, म्हणून ती माणसाच्या ओळखीवर बांधा. आयएएम आयडेंटिटी सेंटर (माणसांच्या लॉगिनची सेवा) चालू करा, गटातल्या दोघांनाच 'तातडीचं डिप्लॉय' असा परमिशन सेट द्या. एमएफए (पासवर्डसोबत दुसरा पुरावा) सक्तीचं, सत्र १ तासाचं, परवानग्या पाइपलाइनच्या रोलएवढ्याच. तेच एसएसएम डॉक्युमेंट, तोच बकेट. कोणी हा रोल घेतला की इव्हेंटब्रिजच्या नियमाने एसएनएसवरून पाचही जणांना मेल जाऊ द्या. महिन्यातून एकदा ही वाट खरोखर वापरून पाहा, नाहीतर गरजेच्या दिवशी एमएफएचा फोन बदललेला निघतो.

केंद्रांसाठी मात्र घाईची वाट ठेवू नका. तिथे वर्कफ्लोची सही असलेलंच पॅकेज बसेल, गिटहब परत येईपर्यंत जुनी आवृत्ती चालेल. चुकाऱ्याची दुरुस्ती मुख्य सर्व्हरवरच करता येईल अशी रचना असेल तर यात काही अडत नाही.

की काढताना आधी आयएएममध्ये तिचा 'लास्ट यूज्ड' पाहा: शेवटची वेळ, सेवा, रीजन. मग क्लाउडट्रेलच्या इव्हेंट हिस्टरीत ॲक्सेस की आयडीने शोधा, तिथे मागचे ९० दिवस दिसतात. मात्र एसथ्रीत फाइल ठेवली-वाचली याची नोंद तिथे येत नाही, म्हणून बॅकअपसारखी कामं नुसत्या हिस्टरीवरून नाही दिसणार. पाइपलाइनशिवाय कोण वापरतंय ते दोन्हीकडून जुळवा. बहुतेक ठिकाणी एखादी रात्रीच्या बॅकअपची क्रॉन स्क्रिप्ट त्याच कीवर चाललेली सापडते. ईसीटूवर असेल तर ती इन्स्टन्स रोलवर न्या. कायमच्या कीचा आयडी 'एकेआयए'ने सुरू होतो, तात्पुरत्याचा 'एएसआयए'ने. सगळ्या मशीनवर आणि रेपोच्या पूर्ण इतिहासात 'एकेआयए' शोधा, नुसत्या चालू फाइलींत नाही.

मग की 'इनॲक्टिव्ह' करा, लगेच पुसू नका. महिनाअखेरचे हिशोब एकदा पार पडू द्या. काही तुटलं तर ती परत चालू करता येते, पुसलेली येत नाही. पण ही सवलत तुमच्या बाबतीत एका अटीवर: की गटाबाहेर गेलेली असू शकते, म्हणून आजच त्या युजरवरची ॲडमिनिस्ट्रेटर परवानगी उतरवा आणि फक्त बॅकअपपुरती ठेवा. ओआयडीसी चालू झालं आहे, पाइपलाइनला तिची गरज नाही. महिना गेला की की, युजर, गिटहबमधली दोन्ही सिक्रेट्स आणि ईसीटूवरच्या 'ऑथोराइज्ड_कीज'मधली ती ओळ, चारही काढा. शेवटची ओळ राहून जाते. पोर्ट २२ आज बंद आहे, पण उद्या कोणी तपासणीसाठी उघडला तर ती जुनी चावी लागलीच म्हणून समजा.